शब्द सोडा, चाल धरा : जुन्या इंग्रजी सिनेमांतली आपली उपासनागीतं ओळखायची कशी

आजीला इंग्रजीचा गंध नव्हता. पावसाळ्यातली रविवारची दुपार होती, ती टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती आणि मी काउबॉयचा एक जुना सिनेमा बघत होतो. पडद्यावर माळरानात मूठमाती चालली होती, चार माणसं उभ्यानं गात होती. सुपावरचा आजीचा हात थांबला. "अरे, ही तर आपल्या देवळातली चाल," म्हणाली (चर्चला ती देऊळच म्हणे) आणि त्याच चालीवर मराठी शब्द गायला लागली. पडद्यावरच्या नायकानं ते गाणं मध्येच तोडलं. आजीनं मात्र कडवं पुरं केलं.

तो सिनेमा होता जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ आणि गीत होतं ‘शॅल वी गॅदर ॲट द रिव्हर’. मला इंग्रजी येत होतं, तरी मी ते ओळखलं नव्हतं, कारण माझे कान शब्दांकडे होते. आजीचे चालीकडे होते. पुढची सगळी रीत मी त्या दुपारीच शिकलो, फक्त ती नीट मांडायला मला पुष्कळ वर्षं लागली.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना हे काम इतरांपेक्षा सोपं जातं आणि त्याला कारण आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पुढे हे काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींकडे गेलं. म्हणजे आपल्याकडे ज्या पाश्चात्त्य चाली आल्या त्यांतल्या पुष्कळशा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शब्बाथ शाळांमधल्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांमधल्या. लॉवेल मेसन, विल्यम ब्रॅडबरी, रॉबर्ट लौरी या संगीतकारांच्या चाली आपण मराठीत गातो, आणि हॉलिवूडचे दिग्दर्शक लहानपणी ज्या गावांतून वाढले तिथेही रविवारी हेच गायलं जात होतं. न्यू शाहूपुरी आणि पडद्यावरची टेक्सासची वस्ती यांच्यात हा एक सरळ धागा आहे.

आधी आपलंच पुस्तक उघडा

‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चमधलं गीतपुस्तक घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करत चला. त्यात दोन प्रकारची गीतं आहेत. एक, अभंग, ओवी, भजन आणि देशी चालींची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी मंडळीला दिलेला ठेवा मुख्यतः या अंगाचा. ती गीतं माझ्या जिवाची आहेत, पण हॉलिवूडच्या सिनेमात ती सापडणार नाहीत. दुसरी, पाश्चात्त्य चालीवर बसवलेली भाषांतरं. खूण करायची ती या दुसऱ्या प्रकारावर.

खुणा झाल्या की त्यांतली तुम्हाला झोपेतही म्हणता येतील अशी दहा-बारा गीतं निवडा. जास्त नकोत. दहा चाली पक्क्या असणं हे शंभर अर्धवट माहीत असण्यापेक्षा केव्हाही कामाचं.

आता मुख्य मेहनत. या चाली शब्दांशिवाय गुणगुणायच्या. नुसतं ‘ला ला’. सुरुवातीला अवघड जातं, जीभ मराठी शब्दांकडे धावते. धावू देऊ नका. सिनेमात चाल व्हायोलिनवर, बाजावर किंवा शिट्टीवर येते, तेव्हा शब्दांचा आधार नसतो. मी तर हार्मोनियमवर एका बोटानं वाजवून बघतो. डोळे मिटून, पट्टी बदलून, एकदा पांढरी पाचमधून आणि एकदा काळी दोनमधून. पट्टी बदलली तरी चाल तीच वाटायला लागली की ती तुमची झाली.

सोयीसाठी काहींचे पहिले स्वर देतो. अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार.

‘निअरर, माय गॉड, टू दी’ (चाल बेथनी) : ग रे सा सा ध़ ध़, प़ सा ग रे

‘अबाइड विथ मी’ (चाल इव्हनटाइड) : ग ग रे सा, प ध प प म ग

‘ऑल पीपल दॅट ऑन अर्थ डू ड्वेल’ (चाल ओल्ड हंड्रेड्थ) : सा सा नि़ ध़ प़ सा रे ग

‘ओ गॉड, अवर हेल्प इन एजेस पास्ट’ (चाल सेंट ॲन) : प ग ध प सां सां नि सां

‘अमेझिंग ग्रेस’ (चाल न्यू ब्रिटन) : प़ सा गसा ग रे सा ध़ प़

‘जीझस लव्ह्ज मी’ : प ग ग रे ग प प, ध ध सां ध ध प प

‘होली, होली, होली’ (चाल नायसिया) : सा सा ग ग प प

‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ : प़ सा सा नि़ सा ग गरे

‘सायलेंट नाइट’ : प ध प ग

यांतल्या ‘अमेझिंग ग्रेस’ आणि ‘जीझस लव्ह्ज मी’कडे जरा थांबून बघा. दोन्हींत मध्यम नाही, निषाद नाही. सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच स्वर. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या या गावात ज्यानं संगीताच्या पहिल्या वर्षाला भूप घोटला आहे त्याच्या कानाला या चाली लगेच जवळच्या वाटतात. भूपाचं चलन त्यांत नाही, स्वर तेवढे आहेत. पण ओळखायला तेवढं पुरतं. सिनेमात एखादी संथ, भोळी धून ऐकली आणि तिच्यात म-नि लागत नाहीत असं जाणवलं, तर या कुळातल्या चाली आधी तपासा.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि यातलं काहीच माहीत नाही असं वाटत असेल, तर ‘अबाइड विथ मी’ नक्की ऐकलेलं असणार. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटला लष्करी बँड ते वर्षानुवर्षं वाजवत असत. २०२२ पासून कार्यक्रमातून ते गेलं. गांधीजींचं ते आवडतं गीत होतं. हेन्री लाइट यांचे शब्द १८४७ चे, विल्यम मंक यांची चाल १८६१ ची.

प्रत्येक चालीला स्वतःचं नाव असतं

मराठीत आपण गीत पहिल्या ओळीनं ओळखतो. इंग्रजी पुस्तकांत शब्दांचं नाव वेगळं आणि चालीचं वेगळं. एकाच शब्दांना दोन-तीन चाली असतात आणि एकाच चालीवर दहा गीतं गातात. शोध घ्यायचा तो चालीच्या नावानं, हे मनात पक्कं करा. हे न कळल्यानं मी एकदा कसा अडकलो ते पुढे सांगतो.

चालीच्या नावाशेजारी आकडे छापलेले असतात : ८.६.८.६, ८.८.८.८, १०.१०.१०.१० असे. ही प्रत्येक ओळीतली अक्षरसंख्या. आपल्या ओवी-अभंगाला अक्षरांचा हिशेब असतोच, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘अमेझिंग ग्रेस’ आणि ‘सेंट ॲन’ ८.६.८.६ चे, ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ८.८.८.८ चं, ‘अबाइड विथ मी’ १०.१०.१०.१० चं. ‘बेथनी’चा आकडा सगळ्यांत वेगळा : ६.४.६.४.६.६.६.४. लांब ओळ, आखूड ओळ, लांब ओळ, आखूड ओळ. ही लंगडती चाल एकदा कानात बसली की पार्श्वसंगीतात तुकडा आला तरी कळते. एकच सावधगिरी : एका अक्षरावर दोन स्वर येतात तिथे नुसत्या वाद्यावरून मोजताना एखादा आकडा इकडेतिकडे होणार. तेवढं सोडून द्या.

सिनेमात कान कुठे लावायचा

सगळा सिनेमा ताणून ऐकायची गरज नाही. उपासनागीतं ठरावीक जागी येतात : नामावलीच्या वेळी, गावाचं पहिलं दर्शन होताना, चर्चमध्ये, लग्नात, दफनविधीत, बुडत्या जहाजावर किंवा भूकंप-युद्धानंतर माणसं एकत्र जमतात तिथे, आणि अगदी शेवटी. वापरायला ती सोयीची होती. जुन्या गीतांवर कुणाचा हक्क उरलेला नसे, त्यामुळे पैसे मोजावे लागत नसत. आणि चार स्वर वाजताच सगळ्या प्रेक्षागृहाला प्रसंग कळे. मूकपटांच्या काळी पडद्याखाली बसलेला पियानोवादकही मरणाच्या प्रसंगी अशा चालींचा आधार घेत असे. बोलपट आल्यावर ती सवय संगीतकारांकडे आली.

सुरुवात पात्रं स्वतः गातात अशा प्रसंगांनी करा. तिथे शब्दही मिळतात, म्हणून चूक होत नाही.

‘द आफ्रिकन क्वीन’ (१९५१) लावा. पहिलाच प्रसंग पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशनच्या चर्चमधला. कॅथरिन हेपबर्न पायपेटी वाजवते आहे, तिचा मिशनरी भाऊ गातो आहे, आणि मंडळीला ती परकी चाल काही झेपत नाही. गीत ‘गाइड मी, ओ दाउ ग्रेट जेहोवा’, चाल ‘कूम राँडा’, वेल्समधल्या जॉन ह्यूज यांची १९०७ ची. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघतो, कारण ती पायपेटी. चर्चमधली पायपेटी आणि आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन एकाच घरातले. केशवराव भोसल्यांच्या या गावात, गोविंदराव टेंब्यांसारख्या हार्मोनियमवादकाच्या गावात, त्या भात्याचा आवाज कुणाला ओळखीचा नाही? पडद्यावर तो ऐकू आला की कान टवकारा. जवळपास उपासनागीत असण्याची दाट शक्यता.

त्यानंतर ‘मिसेस मिनिव्हर’ (१९४२) चा शेवट. बाँबनं छप्पर उडालेलं चर्च, उरलेली मंडळी उभी राहून ‘ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स’ गाते आणि छपराच्या भगदाडातून विमानं दिसतात. चाल आर्थर सलिव्हन यांची, १८७१ ची. मग ‘सॅन फ्रान्सिस्को’ (१९३६) : १९०६ च्या भूकंपातून वाचलेली माणसं ‘निअरर, माय गॉड, टू दी’ गातात. आणि फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६), ज्याच्या शेवटी घर माणसांनी भरून जातं आणि ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ सुरू होतं. हे शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, १७३९ चे. चाल मात्र मेंडेल्सझोन यांनी शंभर वर्षांनी, १८४० मध्ये, छपाईच्या शोधाच्या उत्सवासाठी केलेली. ती नाताळच्या गीताला नंतर जोडली गेली.

तुकडा हातात घेणं

आता अवघड भाग : चाल नुसती वाद्यावर, संवादांच्या खाली, दहा सेकंदांसाठी येते.

हेडफोन लावा. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर खालचे स्वर ऐकू येत नाहीत आणि चाल पुष्कळदा चेलोमध्ये असते. तुकडा आला की थांबवा, मागे न्या, डोळे मिटून तीनदा ऐका. चित्र बघत ऐकलं तर लक्ष संवादाकडे जातं. मग सिनेमा बंद ठेवून तो तुकडा स्वतः गुणगुणा आणि लगेच फोनवर ध्वनिमुद्रित करा. ‘मग बघू’ म्हटलं की पुढच्या प्रसंगाचं संगीत ते पुसून टाकतं.

पुढची पायरी पेटीवर. तुकड्याचा शेवट जिथे विसावतो तो स्वर बहुधा सा. ‘बहुधा’ म्हणतो, कारण सिनेमाचे संगीतकार ओळ अर्धवट सोडण्यात पटाईत असतात; ‘बेथनी’ची दुसरी ओळच रे वर थांबते. तर दोन-तीन स्वर सा धरून बघा. ज्यात तुकडा सुखानं बसतो तो खरा. मग सरगम कागदावर लिहा. लय, हरकती, मधले भरीचे स्वर सोडून द्या. ठोक्यावर येणारे स्वर तेवढे ठेवा.

वेष उतरवणं

स्वर लिहिले तरी चाल ओळखू येत नाही, असं अनेकदा होतं. तिनं वेष बदललेला असतो. मला वारंवार भेटलेले वेष असे.

गंधार आणि धैवत कोमल केलेले असतात. आनंदाची चाल अशानं शोकाची होते. लिहिलेल्या सरगमीत कोमल स्वर असतील तर ते शुद्ध करून एकदा वाजवा; पुष्कळदा तिथेच उलगडा होतो.

लय चौपट संथ केलेली असते. उपाय सोपा : भराभर गुणगुणा. चार ठोक्यांची चाल तीन ठोक्यांत घातलेली असेल तर टाळी सोडून फक्त स्वरांचा क्रम बघा.

चाल वरच्या आवाजात नसते. चर्चमध्ये आपण चार आवाजांत गातो : सोप्रानो, अल्टो, टेनर, बास. सिनेमात चाल टेनरच्या जागी, म्हणजे मधल्या वाद्यांत, दडवलेली असू शकते आणि वर भलतंच काही चाललेलं असतं. क्वायरमध्ये अल्टो किंवा टेनर गायलेल्यांना ही सापडते. नेहमी वरची ओळ गाणाऱ्यांना त्रास होतो. मी टेनर गातो, त्यामुळे मला हा वेष सगळ्यांत आवडतो.

कधी चाल नसतेच, असतो फक्त ‘आमेन’. पेटीवर म ध सां एकत्र दाबा, आणि त्यातला सां न सोडता ग प सां वर या. हे दोन स्वरसमूह म्हणजे उपासनेचा शेवट. एखाद्या पात्रानं प्राण सोडला आणि वाद्यमेळात हे दोन सूर उमटले, तर संगीतकारानं गीत न वाजवताच प्रार्थना पुरी केलेली असते.

आणखी एक चाल सांगायला हवी, जरी ती आमच्या चर्चमध्ये गात नाहीत. ‘दीएस इरे’, मध्ययुगातलं लॅटिन मृत्युगीत, कॅथलिक दफनविधीत शतकानुशतकं गायलेलं. कोमल ग, रे, कोमल ग, सा. रे, कोमल नि़, सा, सा. पहिले चार स्वर तेवढे लक्षात ठेवा. ‘द शायनिंग’ (१९८०) ची सुरुवात याच स्वरांनी होते.

जुळवणी

स्वर मिळाले की आकड्यांत उतरवा : सा १, रे २, ग ३, असं नि ७ पर्यंत. सप्तक विसरा. ‘बेथनी’ होते ३२११६६५१३२. ‘हिम्नरी डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर प्रत्येक चालीच्या पानावर सुरुवातीचे स्वर अशाच आकड्यांत दिलेले असतात, सोबत संगीतकाराचं नाव, साल आणि अक्षरसंख्या. चाल वाजवून शोधायचीही सोय आहे. आकडे टाकताना कळफलक इंग्रजीवर ठेवा. गुगलला गुणगुणून विचारता येतं, पण तिथे संथ गाऊ नका. मध्यम लयीत, स्वच्छ ‘ला ला’वर, निदान दहा-पंधरा सेकंद गा.

आणि संगणकाआधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी फोनमधला तुकडा ऐकवा. मला न सापडलेल्या निम्म्या चाली अशाच सापडल्या आहेत, आणि प्रत्येक चालीबरोबर एखादी आठवणही ऐकायला मिळाली आहे.

नाव मिळालं की साल ताडून बघा. सिनेमाचं नाही, कथेचं साल. १८६० मधल्या कथेत १८८७ चं गीत गायलं जात असेल, तर एक तर तुमची ओळख चुकली किंवा दिग्दर्शकानं सूट घेतली. आधी पहिली शक्यता तपासावी.

मी चुकलो ते

युद्धावरचा एक जुना सिनेमा बघताना जर्मन अधिकाऱ्यांच्या प्रसंगाला सा रे ग रे म ग रे नि़ सा ही धून आली. चर्चमध्ये ती आम्ही गातो. मला वाटलं, दिग्दर्शक त्या अधिकाऱ्यांच्या मनातला पश्चात्ताप दाखवतो आहे, आणि तसं मी मित्रांना पटवूनही दिलं. प्रत्यक्षात ती हायडन यांची १७९७ मधली, ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी केलेली चाल. तीच पुढे जर्मनीच्या राष्ट्रगीताची झाली आणि तीच इंग्रजी चर्चनं ‘ग्लोरियस थिंग्ज ऑफ दी आर स्पोकन’ला घेतली. त्या प्रसंगात ती फक्त ‘हे जर्मन आहेत’ एवढंच सांगत होती. तेव्हापासून चाल ओळखली की मी दुसरा प्रश्न विचारतो : या प्रसंगात ती कुणाची आहे?

दुसरी चूक टायटॅनिकची. ते जहाज १९१२ मध्ये बुडताना वाद्यवृंदानं ‘निअरर, माय गॉड, टू दी’ वाजवलं अशी आठवण वाचलेल्या काहींनी सांगितली. त्यावर वाद आजही आहे. ‘अ नाइट टू रिमेंबर’ (१९५८) बघताना मी ‘बेथनी’ची वाट बघत बसलो. ती आलीच नाही. भलतीच चाल वाजली आणि मी वहीत लिहिलं, ‘या सिनेमात ते गीत नाही’. ते होतं. शब्द तेच, सारा फ्लॉवर ॲडम्स यांचे, १८४१ चे, याकोबाच्या स्वप्नावरचे; पण इंग्लंडमध्ये ते जॉन बॅकस डाइक्स यांच्या ‘हॉर्बरी’ (१८६१) या चालीवर गातात. लॉवेल मेसन यांची ‘बेथनी’ (१८५६) अमेरिकेची. १९५८ चा सिनेमा ब्रिटिश, म्हणून तिथे ‘हॉर्बरी’. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मध्ये मात्र ‘बेथनी’. मला अमेरिकन मिशनची चालच ठाऊक होती म्हणून मी फसलो. ब्रिटिश सिनेमा बघताना आता मी गीताची इंग्लंडमधली चाल आधी ऐकून ठेवतो.

ओळखल्यावर काय

नाव सापडलं की बरेच जण थांबतात. खरं तर पाहणं तिथून सुरू होतं. आता गीताचे शब्द आठवा, मराठीतच आठवा, आणि ते प्रसंगाशेजारी ठेवा.

‘शॅल वी गॅदर ॲट द रिव्हर’ रॉबर्ट लौरी यांनी १८६४ मध्ये लिहिलं. देवाच्या सिंहासनापासून वाहणाऱ्या नदीकाठी आपण सगळे भेटू, असा त्याचा आशय. ‘सगळे’ हा त्यातला जीव. आता फोर्ड यांचा ‘स्टेजकोच’ (१९३९) बघा. गावातल्या सभ्य बायका एका बदनाम मुलीला गावाबाहेर काढतात आणि पार्श्वसंगीतात हीच चाल येते. एकही शब्द गायला जात नाही. ज्याला शब्द माहीत आहेत त्यालाच कळतं की या बायका रविवारी काय गातात आणि सोमवारी काय करतात. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) मध्ये तीच चाल अर्धवट बांधलेल्या चर्चच्या दिशेनं निघालेल्या वायट अर्प आणि क्लेमेंटाइनच्या सोबतीला येते, आणि तिथे ती खरोखरच एका नव्या गावाच्या एकत्र येण्याची आहे. ‘द सर्चर्स’मध्ये ती दफनाला आहे आणि लग्नालाही, आणि दोन्ही वेळी विधी मोडतो तो जॉन वेनच्या पात्रामुळे. दफनाच्या वेळी तो सरळ ‘आमेन म्हणा आता’ म्हणून गाणं थांबवतो. त्या माणसाला नदीकाठी कुणालाही भेटायचं नाही, त्याला सूड घ्यायचा आहे. सॅम पेकिनपा यांच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये दारूबंदीची मंडळी हेच गात मिरवणुकीनं येतात आणि गोळीबारात सापडतात. एकाच चालीला तीस वर्षांत इतके अर्थ मिळाले.

आणि ‘द नाइट ऑफ द हंटर’ (१९५५). रॉबर्ट मिचमनं केलेला खोटा उपदेशक मुलांच्या मागावर आहे आणि ‘लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स’ (१८८७) गात हिंडतो. सनातन बाहूंवर विसावण्याचं हे गीत त्याच्या तोंडी ऐकताना अंगावर काटा येतो. एका रात्री तो अंगणात बसून गातो. घरात बंदूक घेऊन मुलांची राखण करणारी म्हातारी, लिलियन गिश, आतून त्याच्या गाण्यात आपला आवाज मिसळते. कान देऊन ऐका : तो नुसतं ‘लीनिंग’ म्हणतो, ती त्यात येशूचं नाव घालते. दोघं एकच गीत गातात, पण त्याच्या गाण्यातून जे गळलं आहे ते ती परत ठेवते. क्वायरमध्ये हे गीत गायलेल्या माणसाला तो एक शब्द लगेच ऐकू येतो.

हिंदी-मराठी सिनेमाचं काय, असं विचारतात म्हणून

तिथे ही रीत जपून वापरा. बाबूराव पेंटरांपासून ‘प्रभात’पर्यंतच्या कोल्हापूरच्या परंपरेचं संगीत रागदारी आणि नाट्यसंगीतातून आलेलं आहे, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत गोविंदराव टेंब्यांचं. त्यात पाश्चात्त्य उपासनागीत शोधायला जाऊ नका. हिंदी सिनेमातल्या चर्चच्या प्रसंगात घंटा, ऑर्गन आणि कोरस असतो, पण चाल बहुधा नवीनच केलेली असते.

मात्र चर्चची छाया निराळ्या ठिकाणी आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे वादक आणि संयोजक चर्चशी जोडलेल्या शाळांच्या परंपरेतून आले होते; तिथे मुलांना लहानपणी स्वरलेखन, व्हायोलिन आणि चार आवाजांचं गाणं शिकवलं जाई. पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांत मुखड्यामागे व्हायोलिनचा ताफा जे भरून येणारं काही वाजवतो, ते ऐकताना चाल शोधू नका, मधले आवाज कसे सरकतात ते ऐका. क्वायरमधल्या टेनरला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

पहिल्या महिन्याचा सराव

पहिल्या रविवारी ‘स्टेजकोच’ बघा, फक्त ‘शॅल वी गॅदर’साठी. दुसऱ्या रविवारी ‘द आफ्रिकन क्वीन’चा पहिला प्रसंग आणि ‘मिसेस मिनिव्हर’चा शेवट. तिसऱ्या रविवारी परे लॉरेंट्झ यांचा ‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ (१९३६) हा माहितीपट : अर्ध्या तासाहून कमी, अमेरिकन सरकारनं काढलेला, इंटरनेटवर मोकळा. संगीत व्हर्जिल थॉमसन यांचं, आणि त्यात ‘ओल्ड हंड्रेड्थ’ आहे. सा सा नि़ ध़ प़ सा रे ग. ही चाल १५५१ ची, जिनिव्हातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातली. तिथे ती १३४ व्या स्तोत्राला होती, इंग्रजांनी शंभराव्याला लावली म्हणून हे नाव. कुठे येते ते मी सांगत नाही. चौथ्या रविवारी ‘द नाइट ऑफ द हंटर’, दिवे मालवून.

एक वही करा. सिनेमा, साल, किती मिनिटांनी, कुठलं वाद्य, स्वर, चालीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात त्या गीताची मराठी पहिली ओळ. दसरा चौकातल्या शाहू स्मारकात फिल्म सोसायटीचे जुने सिनेमे असतील तेव्हा वही खिशात ठेवा. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून मी बोटांवर स्वर मोजून ठेवतो आणि बाहेर पायऱ्यांवर बसून उतरवतो. माझ्या वहीचं पहिलं पान ‘द सर्चर्स’चं आहे, आणि त्याच्या शेवटच्या रकान्यातली मराठी ओळ आजीनं सांगितलेली आहे.